नोझल आणि विमान

माझ्या थोरल्या भावाचे दुकान हुमनाबादेत, सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला आहे. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. तीत कॅलिब्रेशनचे एक जुने यंत्र, भिंतीला टांगलेले पाने आणि कोनाड्यात माणिकप्रभूंची तसबीर. डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करणे हा दादाचा चाळीस वर्षांचा धंदा. मी भालकी तालुक्यातल्या एका हायस्कुलात मुख्याध्यापक, एम. ए. मराठी. आम्हा भावांत तेलाचे हात कोणाचे आणि खडूचे कोणाचे, हे लहानपणीच ठरून गेले होते. वडिलांची ऐपत एकालाच शिकवण्याची होती, आणि शिकलो मी. दादाने त्याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नाही. गेल्या वर्षी मात्र असा एक प्रसंग आला, की माझी एम. ए. त्याच्या दुकानात दुभाष्याचे काम करू लागली.

दादाचा मुलगा अमेरिकेत आहे. गुलबर्ग्याला इंजिनिअरिंग करून तो गेला, तेव्हा गाव अजून गुलबर्गाच होते. कलबुर्गी झाले २०१४ साली. लहानपणी हा पोरगा सदा आभाळाकडे तोंड करून असे. बीदरला हवाई दलाचा तळ. १९९६ साली तिथे सूर्यकिरण पथक उभे राहिले, आणि किरण जातीची ती विमाने रांग धरून जाऊ लागली की हुमनाबादच्या शाळेतली पोरे वर्ग सोडून बाहेर पळत. बाकीची पोरे आवाज गेल्यावर परत येत. आमचा मात्र बाहेरच राही. त्याच्या मास्तरांनी माझ्याकडे तक्रारही केली होती.

तिकडे नोकरीत स्थिर झाल्यावर त्याने गॅरेजात विमान बांधायला घेतले. वाचकांना ही थट्टा वाटेल; मलाही वाटली होती. परंतु अमेरिकेत घरी विमान बांधणे हा कायद्याने मान्य छंद आहे. निम्म्याहून अधिक काम स्वतःच्या हाताने केलेले असले पाहिजे. मग तपासनीस येऊन पाहतो, परवाना देतो, आणि विमानावर ‘एक्स्पेरिमेंटल’ असे ठळक लिहावे लागते. पहिले काही तास नेमून दिलेल्या टापूतच उडवायचे, सोबत प्रवासी घ्यायचा नाही. आपल्याकडे अशी वाट मळलेली नाही. कांदिवलीच्या अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’त लोकांनी ते पाहिले, पण सरकारदप्तरी नोंद व्हायला २०१७ उजाडले. माणसाचा जीव विमानापेक्षा कागदांत जास्त अडकला असावा. असो.

विमान दोन माणसांचे. इंजिन मात्र विमानाचे नाही, माझ्दा कंपनीच्या मोटारीतले. नवे विमानाचे इंजिन परवडेना, म्हणून त्याने भंगारवाल्याकडून ‘१३ बी’ नावाचे रोटरी इंजिन आणून खोलले, पुसले, पुन्हा बांधले. गेल्या वर्षी ज्येष्ठात त्याचा मला फोन आला. विमान अजून उडालेले नव्हते, नुसते धावपट्टीवर पळवून बघत होता. पळवताना इंजिन एकाएकी अडखळले. खोलून पाहिले तर चारातला एक इंजेक्टर अर्धवट चिकटलेला. तीस-पस्तीस वर्षांचा जुना माल, त्यात बरीच वर्षे कोरडा पडलेला. आता चारही बदलायचे, पण कोणते घ्यायचे?

‘‘काका, अप्पांना विचाराल का? मी थेट विचारलं तर ते जेवलास का म्हणून विचारतात आणि फोन आईकडं देतात.’’

हे खरेच होते. दादाचे आणि त्याचे बोलणे बारा वर्षांत ‘जेवलास का’ आणि ‘थंडी आहे का’ यांच्या पलीकडे गेले नव्हते. भांडण नव्हते. मुलगा दुकानात बसणार नाही हे कळले, त्या दिवसापासून दादाला त्याच्याशी बोलायला विषयच उरला नव्हता, इतकेच.

रविवारी मी हुमनाबादेस गेलो. जाण्यापूर्वी मास्तरकीच्या खोडीने थोडा अभ्यास केला आणि तोंडावर पडलो. शाळेच्या जुन्या विश्वकोशात ‘रोटरी इंजिन’ म्हणून जे सापडले ते पहिल्या महायुद्धातले. फ्रान्समधल्या सेगँ बंधूंच्या ‘नोम’ इंजिनात दांडा स्थिर आणि सिलिंडरांचे अख्खे कडे प्रोपेलरसकट गरगर फिरे. मी ते दादाला चित्र काढून समजावले. दादा म्हणाला, ‘‘मोटारीत हे बसंल कसं?’’ संध्याकाळी पुतण्याने हसत हसत खुलासा केला, की इंग्रजीत दोन्हींना रोटरीच म्हणतात, पण हे इंजिन फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाने काढलेले. १९६४ साली ते मोटारीतून प्रथम बाजारात आले, आणि नंतर जपानच्या माझ्दाने ते खरे नावारूपाला आणले. त्यात पिस्टन नाही, कनेक्टिंग रॉड नाही, व्हॉल्व्ह नाही. भुईमुगाच्या शेंगेसारख्या कमरेत चिमटलेल्या डब्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरत असतो. असे दोन डबे एकापुढे एक. त्रिकोणाची टोके डब्याला घासत जातात आणि त्या टोकांना धातूच्या पट्ट्या असतात, त्या वायू कोंडून धरतात.

‘‘म्हंजे डब्यात समोसा फिरलालाय,’’ दादा म्हणाला. मी तीन पाने खर्ची घालून जे सांगू शकलो नाही, ते त्याने चार शब्दांत उरकले.

हे इंजिन आपल्याला अगदीच परके नाही, हेही मला तेव्हाच कळले. आपल्या लष्करासाठी बांधलेल्या ‘निशांत’ या वैमानिकाविना उडणाऱ्या विमानात याच जातीचे लहान इंजिन होते. ते देशात बनवण्याचे काम बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने आणि अहमदनगरच्या वाहन संशोधन संस्थेने मिळून केले, आणि २००९ च्या मार्चमध्ये कोलारजवळ ते उडवून पाहिले. अहमदनगरचे आता अहिल्यानगर झाले. आमच्या भागातल्या माणसाला नावे बदलण्याचे फारसे नवल नाही. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा आमचा अख्खा जिल्हाच फाटला, उदगीर-निलंगा तिकडे गेले आणि भालकी-हुमनाबाद इकडे राहिले. मामाचे गाव परराज्यात गेले, एवढाच आजीला त्याचा अर्थ कळला होता.

तर इंजेक्टर. शासकीय परिभाषेत मी त्याला ‘अंतःक्षेपक’ म्हणालो. दादा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. ‘‘हे कुठल्या गाडीला असतंय?’’ मी शरणागती पत्करली. त्याच्या दुकानात कन्नड, मराठी, तेलुगू, दख्खनी अशा चार भाषा बोलणारे ड्रायव्हर येतात आणि चौघेही नोझलला नोझलच म्हणतात.

डिझेलचे नोझल दादाला तळहातासारखे ठाऊक. हाताच्या टेस्टरवर लावून दांडा दाबला की दोनशेच्या आसपास दाबाला नोझल उघडते, धुक्यासारखी पिचकारी सुटते आणि कुरकुर असा एक बारीक आवाज येतो. तो आवाज आला तर नोझल चांगले. आवाज न येता थेंब लोंबला, की गेले. पेट्रोलचा इंजेक्टर वेगळा. तो दाबाने नव्हे, विजेने उघडतो. आत तारेचे वेटोळे असते, वीज आली की सुई उचलली जाते, वीज गेली की स्प्रिंग तिला खाली बसवते. पेट्रोलचा दाब जेमतेम तीन बार. किती तेल जायचे ते सुई किती मिलिसेकंद उघडी राहते त्यावर ठरते. हे सारे मी वाचून दाखवत गेलो. दादा यंत्राच्या कडेला पाठ टेकून ऐकत होता. शेवटी त्याने एकच विचारले, ‘‘चार नोझलं सारखं तेल टाकत्यात का, हे कोण बघितलंय?’’ मी तो प्रश्न तसाच लिहून घेतला.

पण सल्ला मात्र त्याने दिला नाही. ‘‘मला त्यातलं कळत नाही,’’ म्हणून तो उठला आणि शटर ओढले.

कळत नाही हे खोटे होते, आणि ते का, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. १९९७ सालची गोष्ट. सहा सिलिंडरच्या एका ट्रकचे काम आले होते. मालक घाईत, दादाच्या हाताशी नवी पाचच नोझले. सहावे जुने त्याने घासून बसवले. तपासले, पण नेहमीसारखे नाही. ते थेंब गाळत राहिले आणि रात्री नळदुर्गच्या घाटात त्या सिलिंडरचा पिस्टन भोक पडून गेला. ट्रकमध्ये टोमॅटो होते. दोन दिवस गाडी कडेला उभी, माल सडला. कोणी कोर्टात गेले नाही, पण दादाने स्वतः होऊन भरपाई दिली. त्यात वहिनींच्या पाटल्या गेल्या. ड्रायव्हरला काही झाले नाही, एवढेच नशीब. तेव्हापासून त्याच्या दुकानात अर्धा संच मिळत नाही. बदलायची तर सगळी बदला, नाहीतर दुसरीकडे जा. गिऱ्हाईक तोडायला तो कधी कचरला नाही, मग मोठ्या पंपांचे काम कमी होऊन नव्या गाड्यांत कॉमन रेल आले आणि धंदा अर्ध्यावर आला तरीही.

आठ दिवस तो गप्प होता. पुतण्या मला रोज विचारी. शेवटी मी दादाला टोचून बोललो, की मुलगा बापाला विचारतो आहे आणि बाप शटर ओढतो. तो म्हणाला, ‘‘ट्रक बंद पडला तर कडेला लावता येतोय. हे कुठं लावायचं? मी सांगितलं आणि पडलं तर?’’

वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘तुम्ही नाही सांगितलं तरी तो उडणारच हाय.’’

त्या रात्री आम्ही हिशेबाला बसलो. माझ्या शाळेतले गणिताचे शिक्षकही आले होते, कारण मला गॅलन आणि पौंडांची धास्ती. इंजिन पूर्ण जोरात सुमारे १६० अश्वशक्ती देणार. रोटरी इंजिन पेट्रोल जरा जास्तच पिते. एका अश्वशक्तीला तासाला साधारण पाव किलो, म्हणजे ०.५५ पौंड धरले. त्याचे तासाला ८८ पौंड, चाळीस किलो. लिटरात पंचावन्नच्या घरात, आणि मिनिटाला सुमारे ९१० घन सेंटिमीटर. इंजेक्टरची मापेही मिनिटाला इतके सीसी अशीच असतात. त्याच्या इंजिनात मूळचे चार, प्रत्येकी ४६० सीसीचे. प्रत्येक डब्याला दोन. एक पहिला, जो कायम चालतो, आणि एक दुसरा, जो जोर लावल्यावर साथीला येतो. चार मिळून १८४०, म्हणजे गरजेच्या दुप्पट.

‘‘मग हेच धुऊन घ्यावेत,’’ गणिताचे शिक्षक म्हणाले.

दादाने विचारले, ‘‘एक जोडी बंद पडली तर?’’

दोन इंजेक्टर मिळून ९२०. गरज ९१०. म्हणजे सुई शंभरातले नव्याण्णव भाग वेळ उघडीच. पुतण्याने सांगितले होते, की इंजेक्टरला पंच्याऐंशीच्या वर नेऊ नये. उघडझापीला वेळच उरत नाही, वेटोळे तापते आणि माप बिघडते. सहा हजार फेऱ्यांवर रोटरीचा एक फेरा दहा मिलिसेकंदांत होतो, आणि तेवढ्यातच सारे उरकायचे. तेल कमी पडले की मिश्रण कोरडे, कोरडे झाले की इंजिन ठोकते, आणि ठोकले की त्या टोकांच्या पट्ट्या तुटतात. दादाला हे समजावून सांगावे लागले नाही. नळदुर्गला तेल जास्त झाले होते, इथे कमी झाले असते, एवढाच फरक.

पुतण्याकडे आणखी दोन वाटा होत्या. एक फुकटची, म्हणजे जुनेच ठेवून पेट्रोलचा दाब तीनवरून चार बार करायचा. दाबाच्या वर्गमुळाने प्रवाह वाढतो, तेव्हा ४६० चे ५३० होतात. शिक्षकांना हे फार आवडले, वर्गमूळ असल्यामुळे. दादाने मान हलवली. पंपावर ताण येणार, आणि जे जुने नोझल तीनला चिकटते ते चारला काय करील याचा भरवसा नाही. दुसरी वाट तिकडच्या शर्यतवाल्या मित्रांनी सुचवलेली, एकदम हजार सीसीचे घ्यायचे. मोठे घेतले की चिंता मिटली. पण इंजिन मंद चालताना मोठ्या तोंडाला क्षणभरच उघडून मिटावे लागते, आणि सुई नुसती उचलायलाच एक मिलिसेकंदाच्या आसपास वेळ जातो. बॅटरी उतरली असेल तर त्याहून जास्त. मग थेंबांचा हिशेब राहत नाही. उतरताना इंजिन मंदच चालवायचे असते. दादा म्हणाला, ‘‘परातीनं मुलाला औषध पाजत्यात का?’’

राहिले ५५० चे. दोघांचे ११००. एक जोडी पार बंद पडली तरी उरलेली जोडी ९१० देणार, शंभरातले ८३ भाग उघडी राहून. मंद चालीलाही चालण्याजोगे. माझ्दाच्याच टर्बो गाड्यांत कंपनीने हेच माप वापरले होते. गणिताच्या शिक्षकांनी दोनदा ताळा केला. विजेची बाजूही पाहावी लागली. काही इंजेक्टरांच्या वेटोळ्याचा रोध दोन-तीन ओहम असतो, काहींचा बारा ते सोळा. पुतण्याच्या कंट्रोलरला जास्त रोधाचेच चालत होते. चुकून कमी रोधाचे लावले असते तर एक अँपियरच्या जागी पाच-सहा अँपियर ओढून कंट्रोलर जळला असता, आणि तोही बहुधा हवेतच.

मग दादाने स्वतः फोन हातात घेतला. रात्रीचे अकरा वाजले होते, तिकडे दुपार. तो जेवलास का म्हणाला नाही.

‘‘साडेपाचशेचे घे. चार नको, पाच घे. एकाच लॉटचे. नवे असले तरी बेंचवर लावून एकेकाचं तेल मोजून घे, काचेच्या नळीत. कागदावर लिहिलेलं धरू नको. जे दोन अगदी सारखे निघतील ते पहिले म्हणून बसव, मंद चालीला तेच असत्यात. सगळ्यांत वेगळा निघंल तो बाजूला. रबराच्या रिंगा नव्या घाल, जुनी एकपण नको, हात लावून तेल लावून बसव. बसवल्यावर इंजिन चालू न करता दाबावर ठेव, खाली पांढरा कागद घाल. कागद कोरडा राहिला तरच पुढं.’’

मग बराच वेळ तो ऐकत होता. अधूनमधून हं म्हणत होता. तासभर ते दोघे बोलले. मी आणि शिक्षक ओट्यावर जाऊन बसलो. वहिनींनी चहा केला, तो दादाचा निवून गेला.

पंधरा दिवसांनी आकडे आले: ५५२, ५४९, ५५१, ५३८, ५५०. दादाने ते दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहिले, ट्रकवाल्यांच्या उधारीशेजारी. पाच नवेकोरे, एकाच डब्यातले, तरी एक सव्वादोन टक्क्यांनी कमी. ५३८ भोवती त्याने गोल केला. त्या दिवशी आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला तो गोल दाखवला, ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत.

मी त्याला राइट बंधूंची गोष्ट सांगितली. १९०३ साली जे विमान उडाले त्याचे इंजिन त्या भावांनी नव्हे, त्यांच्या दुकानातल्या मिस्त्रीने, चार्ली टेलरने बनवले होते, सहा आठवड्यांत. त्याला कार्ब्युरेटर असा नव्हताच. टाकीतले पेट्रोल आपल्या वजनानेच उतरून सिलिंडरांकडे जाई. दादाने एवढेच विचारले, ‘‘त्याला कोण बसू दिलं का त्यात?’’ मला उत्तर देता आले नाही.

विमान कार्तिकात उडाले. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटे, धावपट्टीच्या भोवतीच घिरट्या घालत, इंजिन बंद पडले तर खाली येता यावे म्हणून. आम्हाला आधी कळवले नव्हते. उतरल्यावर त्याने फोन केला. वहिनी फोन कानाला लावून रडल्या. दादाने घेतला आणि विचारले, ‘‘आवाज कसा होता?’’ पोराने उड्डाणाचा व्हिडिओ पाठवला. दादा तो डोळे मिटून ऐकतो. मी चित्र बघ म्हणालो तर म्हणाला, चित्रात काय दिसतंय.

नेमून दिलेले तास आता संपले आहेत आणि दुसऱ्या खुर्चीवर माणूस बसवता येतो. श्रावणात मी दादाच्या पासपोर्टचा फॉर्म भरायला बसलो. व्यवसायाच्या रकान्यात पर्यायांतून निवडायचे असते. मी ‘स्वयंरोजगार’ निवडले. चष्मा लावून तो माझ्या खांद्यावरून बघत होता.

‘‘काय लिहिलास?’’

मी सांगितले.

‘‘पंप मिस्त्री लिहायला जागा नाही का?’’ तो म्हणाला.